बर्फाने बरं वाटतं

रत्नागिरी,
१२ नोव्हेंबर

आत्या,

माझं सगळं बदललं ते कोकम सरबताच्या एका घोटाने. नमस्कार मागाहून घालतो, आधी हे ऐक.

आईने पालीहून सरबताची बाटली पाठवली होती. आमच्या कारखान्यात बर्फाला काय तोटा? पेल्यात दोन खडे टाकले आणि तोंडाला लावला. पुढचं नीट सांगता येत नाही. डावीकडच्या खालच्या दाढेतून कुणीतरी तार आत सारली आणि ती कानामागून वर मस्तकात नेली, असं काहीसं झालं. पेला हातातून सुटला. दीपक समोरच आकड्याने बर्फाच्या लाद्या ओढत होता. म्हणाला, "काय रे, शॉक बसला काय?" मला बोलता येईना. गाल धरून मी तिथेच ओल्या फरशीवर बसलो. त्या घोटाआधीचा रघू तुला माहीत आहे, तूच त्याला माजलेला रेडा म्हणतेस. त्यानंतरचा रघू पाणी कोमट करून पितो, आणि पितानाही डोळे मिटून घेतो.

मुळापासून सांगतो. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मोबाइलवरची अक्षरं तुला मुंग्या वाटतात, म्हणून हा कागद. लांजा गाडीच्या कंडक्टरकडे देतो, तूही त्याच्याकडेच दे.

गेल्या महिन्यात नारळ सोलताना माझी दाढ तडकली. भार्गवी डॉक्टरांनी ती घासून तिच्यावर कॅप बसवली, त्याला आता आठवडा झाला. त्यांच्या दवाखान्यात राही कामाला आहे. राही म्हणजे कॉलेजात माझ्या वर्गात होती ती. मी दुसऱ्या वर्षाला सोडलं, तिने पुरं केलं. डॉक्टरांच्या शेजारी उभी राहून ती तोंडातलं पाणी ओढायची नळी धरते. आत्या, तुला म्हणून सांगतो. ती नळी धरून वाकली की मला दाढ कुठली, जीभ कुठली, काही कळत नाही.

पण मुद्दा तो नाही. दाढ घासायच्या आधी सुई टोचतात. आपल्या घरात दाढेची सुई म्हणजे काय, ते तुला सांगायला नको. मला कळायला लागल्यापासून बाबा सांगत आले, तुझा अनिलकाका चालत दवाखान्यात गेला, दाढेला सुई लागली आणि तिथेच गेला. तीच सुई मी घेतली. राही बघत होती म्हणून घेतली, डोळे सताड उघडे ठेवून.

तर प्रश्न असा. तू तिथे होतीस. सुई लागल्यावर काका लगेच गेला की काही दिवसांनी? आधी त्याच्या दाढेत कळ यायची का? खरं लिही. मी हसत नाहीये.

तुझा,
रघू

लांजा,
१४ नोव्हेंबर

चि. रघू,

आशीर्वाद. नमस्कार मागाहून घालणार होतास, तो पत्रात कुठे सापडला नाही.

माणसं नारळ पहारेवर सोलतात, नाही तर कोयत्याने. त्यात दाढ कुठून आली? एक तर तू पहार चावलीस, नाही तर त्या नळीवाल्या मुलीसमोर दातांनी नारळ सोललास. छत्तीस वर्षं शाळेत पोरं वळवलीत मी. दुसरं खरं.

आता ऐक. मला दोन कॅप आहेत, त्यामुळे यातलं थोडं कळतं. आतली दाढ जिवंत असते. तिला घासून वरून टोपी घातलेली असते, थोडे दिवस ती फुरंगटणारच. गार लागेल, मग कमी होईल. पण टोपी केसभर जरी उंच बसली, तर प्रत्येक घासाला आधी तीच आपटते आणि आतली दाढ हैराण होते. डॉक्टरने उंची बघून जरा घासली की झालं. तेवढ्यासाठी दाखवून ये. राहीला बघायला तसाही जाशीलच.

निघताना त्या मुलीने काय काय सांगितलं, ते शब्दन्शब्द लिही.

गुडघ्याच्या ऑपरेशनपासून मला ओट्याच्या पायऱ्या उतरू देत नाहीत, नाही तर मीच तुझा कान धरून नेलं असतं. पत्र शेजारची वेदिका स्टँडवर नेऊन देते.

अनिलचं विचारतोस. ते नंतर कधीतरी.

दमयंतीआत्या

रत्नागिरी,
१८ नोव्हेंबर

आत्या,

नमस्कार, आधीच्या पत्राचाही यातच धर.

दातांनीच सोलला. भाट्याला सुरूच्या बनात कॉलेजातली जुनी टोळी जमली होती. कुणीतरी म्हणालं, आमच्या गावचा गुरव दातांनी नारळ सोलतो. म्हटलं गुरव कशाला, आण इकडे. राही म्हणाली, "नको रे रघू, अशीच येतात माणसं आमच्याकडे." ती नको म्हणाली नसती तर कदाचित ठेवला असता. अर्धं सोडण निघालं आणि आत कट्‌ असा आवाज झाला. तो फक्त मला ऐकू आला. उरलेलं तसंच ओढून काढलं, रक्त गिळलं आणि सोललेला नारळ तिच्या हातात दिला.

डॉक्टरांकडे जाऊन आलो. बघितलं, ठीक आहे म्हणाल्या. त्यामुळे तो विषय संपला.

राहीने काय सांगितलं ते विचारतेस. तिने बोलण्यासाठी मास्क खाली ओढला होता. नाकावर त्याची लाल खूण उमटली होती. म्हणाली, "थोडे दिवस गार लागेल, घाबरायचं नाही, हळूहळू गार लागेनासं होईल." त्यापुढेही दोनचार वाक्यं बोलली. मी त्या खुणेकडे बघत होतो. मान हलवली.

कारखान्याचं म्हणशील तर मिरकरवाड्याच्या लाँचींना बर्फ पुरत नाही इतकी मासळी आहे. बर्फ गोठवायच्या डब्यांवरची लाकडी झाकणं उचलली की गार वाफ तोंडावर येते. तेवढ्यानेही कळ येते. म्हणून तोंडाला रुमाल बांधून नाकाने श्वास घेतो. दीपक विचारतो, "नवरी बाय, मुंडावळ्या कुठं ठेवल्यास?" मी त्याला एक लगावणार होतो, पण तोंड उघडायची भीती वाटली.

आता एक नवीन निघालंय. चहा. पूर्वी नुसतं गार लागायचं, आता गरमही लागतं. गारीची कळ येऊन जायची. ही जात नाही. चहा संपतो, कप विसळून होतो, आणि ही आपली आत मांडी घालून बसलेली. भोवतालचा आवाज थांबला की दाढेत नाडी उडताना ऐकू येते. मग माझा हात आपोआप गळ्यावर जातो. काकाला अशी नाडी ऐकू यायची का? तू उत्तर दिलं नाहीस.

रघू

लांजा,
२० नोव्हेंबर

चि. रघू,

डॉक्टरने कॅपची उंची तपासली म्हणतोस. ती तपासायला रंगीत कागद चावायला देतात, जिथे उंच असेल तिथे रंग उठतो. तुला कोणत्या रंगाचा दिला?

गरमाने आलेली कळ टिकून राहते, असं तू लिहिलंस. मला ते आवडलेलं नाही. पुन्हा जा. आणि तोंड उघडायचं ते त्या मुलीशी बोलायला नव्हे, दाढ दाखवायला.

दमयंतीआत्या

रत्नागिरी,
२६ नोव्हेंबर

आत्या,

पांढरा दिला होता. तू आता कागदाच्या रंगावर माझी परीक्षा घेणार का? कॉलेज सोडलं ते यालाच कंटाळून.

ते जाऊ दे. आनंदाची बातमी आहे. मला औषध सापडलं.

मधले दिवस वाईट गेले. कोमट भातानेसुद्धा ठणका सुरू व्हायचा तो कानापर्यंत. सोमवारी लादी क्रशरमध्ये ढकलताना एक खडा उडून ओठावर बसला. ठणक्याने इतका पिसाळलो होतो की तो उचलून तोंडात टाकला. म्हटलं घे, मर एकदाची. आणि आत्या, दाढ गप्प झाली. कुणी हाताने बटण बंद करावं तशी. मी किती वेळ तसाच उभा होतो कुणास ठाऊक, मुकादम ओरडला तेव्हा हाललो.

आता खिशात डबीभर बर्फ ठेवतो. खडा गालात असेपर्यंत स्वर्ग. विरघळला की ठणका परत येतो, मग दुसरा खडा. चहा सोडला, जेवणही गार करून घेतो. आठवतं ना, ज्या गारीने मला ओल्या फरशीवर बसवलं, तीच आता माझ्या बाजूने उभी आहे. गार लागेनासं होईल, असं राही म्हणालीच होती. म्हणजे दाढ बरी होत आली. बर्फाच्या कारखान्यात काम करून सबंध गावाला बर्फ पुरवतो आणि स्वतःला औषध सुचायला इतके दिवस लागले.

तेव्हा तू काळजी सोड. भीतीचं म्हणशील तर अर्धी गेली. डबी रिकामी व्हायला आली की उरलेली अर्धी येते. तेवढ्यापुरती.

रघू

लांजा,
२७ नोव्हेंबर

चि. राही हिस,

आशीर्वाद. तू मला ओळखत नाहीस. मी रघूची आत्या, लांज्याला असते. मला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून दवाखान्याच्या पत्त्यावर लिहिते आहे. हे पत्र कंडक्टर तुझ्या हातात देईल, उत्तर त्याच्याकडेच दे.

रघू मला कळवतो की त्याने दाढ पुन्हा दाखवली, डॉक्टरांनी ठीक आहे म्हटलं आणि पांढरा कागद चावायला दिला. हे खरं का?

दुसरं. त्याला आधी गार लागत होतं, मग गरम लागायला लागलं आणि कळ टिकायला लागली. आता तो लिहितो की तोंडात बर्फ धरला की बरं वाटतं. तो खुशीत आहे. मी नाही. असंच गार पाणी तोंडात धरून बसलेलं एक माणूस मी पूर्वी पाहिलं आहे. हे सगळं तुझ्या डॉक्टरांना वाचून दाखव आणि त्या काय म्हणतात ते मला लपवाछपवी न करता कळव.

दमयंती

रत्नागिरी,
२८ नोव्हेंबर

आदरणीय आत्या,

नमस्कार. पत्रं लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या.

पांढरा कागद आमच्याकडे नाही, निळा असतो. रघूला तो दिलाच नाही, कारण तो खुर्चीत बसलाच नाही. सतरा तारखेला आला होता. आत एक लहान मुलगी रडत होती, म्हणून मी त्याला थांबायला सांगितलं. ती मोठ्याने रडायला लागली तसा तो उठून उभा राहिला. म्हणाला, तुम्ही लोक माणसं मारता. मी म्हटलं, हळू बोल, पोर घाबरेल. मग आणखी मोठ्याने बोलला. जाताना काचेचं दार असं आपटलं की वरचा दांडा निखळला. तेव्हापासून ते दार आपोआप लागत नाही, येणाऱ्याजाणाऱ्याला हाताने ओढावं लागतं. मला लाज वाटली, कारण त्याला इथे मी आणलं होतं.

मला वाटतं तो चिडला नव्हता, घाबरला होता. पण त्याला दोन्ही एकाच आवाजात येतं.

कॅप बसवली त्या दिवशी मी त्याला सगळं सांगितलं होतं. गार लागलं तर चालेल. चावताना दुखलं, गरमाने ठणकलं किंवा आपोआप दुखायला लागलं तर लगेच ये. त्याने मान हलवली. नंतर मी फोन केले तर माझा नंबर ब्लॉक केलेला.

तुमचं पत्र वाचून दाखवलं तेव्हा मॅडमनी हातातलं काम थांबवलं. म्हणाल्या, मूळचा तडा खोल गेला असणार, वरून कॅप उंच लागत असेल तर आणखी त्रास. गरमाने दुखतं आणि बर्फाने बरं वाटतं म्हणजे दाढेतली नस मरायला लागली आहे. आत्ता आला तर नस काढून दाढ वाचेल. पण एक सांगायला सांगितलंय. औषधाशिवाय एकदम दुखायचं थांबलं, तर बरं झालं समजू नका. नस मेली की दुखत नाही, आणि मग खाली पू धरतो.

मी उद्या कारखान्यावर निरोप ठेवते. तुम्ही लिहा, तुमचं ऐकेल. त्या नारळाला मी नको म्हणाले होते, हे त्याने तुम्हाला सांगितलं का?

राही

रत्नागिरी,
२९ नोव्हेंबर

आत्या,

पेढे घे. थांबलं.

आज सकाळी उठलो आणि बराच वेळ कळेना की काय चुकल्यासारखं वाटतंय. दाढ शांत होती. खडा नाही, काही नाही, आपली आपण शांत. भीतभीत कोमट पाणी घेतलं. शांत. मग चहा मागवला, उकळता, आणि तो त्याच बाजूने प्यालो. काहीच नाही. दुपारी दीपकच्या घरी सुरमईचं कालवण गरमगरम ओरपलं. त्याची आई म्हणाली, "रघ्या, उपाशी होतंस की काय?" मी हो म्हटलं.

राहीने कारखान्यावर निरोप ठेवला होता, दवाखान्यात ये म्हणून. आता कशाला जाऊ? जाईन ते निराळ्या कामाला. सोमवारी तिला सरळ विचारणार आहे. दुखऱ्या गालाने असलं काही विचारता येत नव्हतं. आता येईल.

गाल थोडा जड वाटतो. जबड्याच्या हाडाखाली सुपारीएवढी गाठ लागते, ती दाबली तरच दुखते. आतलं वाईट तिकडे उतरून निघून जात असेल.

तुला आता काकाचं सांगायची गरज नाही. मी वाचलो.

रघू

लांजा,
३० नोव्हेंबर

रघू,

हे पत्र उभ्याने वाच आणि वाचून झालं की बसू नकोस.

वेदिकाला तुला फोन लावायला सांगितला. अनोळखी नंबर तू उचलत नाहीस. म्हणून हा कागद पहिल्या गाडीने पाठवते आहे आणि कंडक्टरला बजावलं आहे की रघू हजर नसेल तर दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचा नाही.

अनिलचं ऐक. त्याची दाढ किडली होती. तो तिच्यात मशेरी दाबून भरायचा. दाढ काढून घे म्हटलं की सुईला घाबरून रानात निघून जायचा. आधी गार पाण्याने कळवळायचा. मग गरमाने. मग विहिरीच्या गार पाण्याचा तांब्या जवळ घेऊन बसायला लागला. एक चूळ तोंडात धरायची, ती कोमट झाली की थुंकायची, दुसरी घ्यायची. तुझी ती डबी, तसा त्याचा तांब्या.

एका सकाळी त्याने तांब्या पालथा घातला. मला म्हणाला, ताई, गेली गो, बरा झालो. आईने वडे केले. त्याने सगळ्यांपेक्षा जास्त खाल्ले. मी माहेरी होते, मीच वाढत होते.

मग जबड्याखाली गाठ आली. मग ती गळ्याकडे उतरली. बोलताना जिभेखाली काहीतरी धरून बोलतोय असं वाटायला लागलं. शेवटी तोंडात चमचा जाईना. तेव्हा रिक्षात घालून त्याला रत्नागिरीला आणला. चालत आत गेला, एवढं तुझ्या बापाचं खरं. सुई लावली ती हाताला, दाढेला नव्हे. डॉक्टर श्वासासाठी गळ्यातून वाट करायला धावत होते. वाट होईपर्यंत तो थांबला नाही. दाढेच्या डॉक्टरची खुर्ची अनिलने जन्मात पाहिली नाही, रघू. तो सुईने गेला नाही. सुई न घेता गेला.

तुझा बाप मुंबईहून येऊन पोचला तोवर आई सुईने मारला, सुईने मारला असं म्हणत जमिनीवर हात आपटत होती. तिला कुणावर तरी राग धरायला हवा होता. स्वतःच्या मेलेल्या पोरावर कसा धरणार? ती म्हणत राहिली, आणि मग तेच खरं झालं.

आता आरशासमोर जा. तोंड उघड. तीन बोटं एकावर एक उभी धरून दातांमध्ये घाल. चांगल्या माणसाच्या तोंडात तीन जातात. अनिलच्या आधी दोन जायला लागली, मग एक. तुझी किती जातात ते मला नको लिहूस, जाऊन डॉक्टरला सांग.

राहीने मला सगळं कळवलं आहे. कागद निळा असतो. दाराचंही कळलं. रागवायला सवड नाही. कॉलेजचं दार आपटून आलास तेव्हा मी गप्प राहिले, ते दार पुढेमागे पुन्हा उघडता येईल. ही गाठ थांबणार नाही.

जा.

दमयंतीआत्या

रत्नागिरी,
१ डिसेंबर

आत्या,

तोंड बधिर आहे, हात नाही. स्टँडवर बसून लिहितोय, हे संध्याकाळच्या गाडीने तुझ्याकडे येईल.

तुझं पत्र सकाळी इथेच उभ्याने वाचलं. पानवाल्याच्या आरशासमोर गेलो. तीन बोटं गेली नाहीत. दोन गेली, तीही कातडी खरवडून. पानवाला म्हणाला, "काय शोधतंस रे तोंडात?" गाठ आता सुपारीएवढी नव्हती. थुंकी गिळायला गेलो तर घशात काहीतरी आड आलं. ते खरंच होतं की तुझ्या पत्रामुळे आलं, ते मला आता सांगता येणार नाही. खिशात हात घातला तर डबी हाताला लागली. ती सवयीने भरून घेतली होती. आत नुसतं पाणी झालं होतं. मला काकाचा पालथा तांब्या दिसला आणि तोंडातून मोठ्याने "काका" असं निघालं. बाजूची बाई पोराला घेऊन सरकून बसली.

राहीचा नंबर मोकळा केला. तिने पहिल्याच रिंगला उचलला. "कुठे आहेस?" स्टँडवर. "मी तुमच्या कारखान्याच्या फाटकात उभी आहे, मघापासून. रिक्षा कर आणि दवाखान्यात ये. भांडायचं असेल तर नंतर."

दवाखान्याच्या दारात माझा पाय थबकला. बाहेरूनच खुर्ची दिसते, आणि तिच्यावरचा तो दिवा. तुला खोटं सांगून झालंय, म्हणून आता खरं सांगतो, मी मागे वळलो होतो. दार ढकलून अर्धा आत गेलेला, तसाच वळलो. दार उघडंच राहिलं. दांडा मीच निखळवला होता ना. बाकावर एक म्हातारी बसली होती, गालाला फडकं बांधून. ती म्हणाली, "आत तरी ये, नायतर भायेर तरी जा. वारा येतो माझ्या दाढेवर." मी आत गेलो.

भार्गवी डॉक्टरांनी दाराचा शब्द काढला नाही. जबड्याखाली बोटांनी चाचपलं, जीभ उचलायला लावली, जिभेखाली दाबून बघितलं. विचारलं, दुखायचं कधी थांबलं? मी शनिवार म्हटलं, दोनच बोटं जातात तेही सांगितलं. त्या राहीकडे बघून काहीतरी म्हणाल्या आणि राही लगबगीने हत्यारं मांडायला लागली. तिला इतकं भराभर काम करताना मी कधी पाहिलं नव्हतं. मला तेच जास्त लागलं.

या वेळची सुई मला मोठी वाटली. डोळे उघडे ठेवायचे असं ठरवलं होतं. मिटले. राही बघत होती, बघू दे म्हटलं. मी खुर्चीचा हात धरला होता, आणि मनात तुझं एकच वाक्य चाललं होतं, सुई न घेता गेला, सुई न घेता गेला. कॅपला वरून भोक पाडलं. मशीन थांबलं तसा तोंडात एक वास सुटला. मासळी बाजारात पावसाळ्यात राहिलेल्या टोपलीला असा वास येतो. तो माझ्या आतून येत होता. राहीने नळी धरली होती, तिने तोंड फिरवलं नाही. मी तिच्यासमोर नारळ सोलून दाखवला होता, आणि आता हे.

गोळ्या दिल्यात, ठरल्या वेळेला घ्यायच्या. डॉक्टर म्हणाल्या, सूज खाली गळ्याकडे उतरली, गिळायला जड गेलं किंवा श्वास लागला, तर इथे यायचं नाही, सरळ मोठ्या इस्पितळात जायचं. वाट बघायची नाही. मी विचारलं, वेळेत आलो का मी? त्यांनी हातमोजे काढले, हात धुऊन पुसले आणि म्हणाल्या, "उद्या सकाळी बोटं घालून दाखव. मग सांगते."

म्हणून आज दीपकच्या घरी झोपायला जातोय. एकटा राहणार नाही. त्याच्या आईला मघाशी भेटून अडखळत काकाचं सांगितलं, तीन बोटांचंही सांगितलं. ती म्हणाली, मी उठवून उठवून बघीन. बाबांनाही सांगायला हवं, की काका कशाने गेला. ते तू सांगतेस की मी?

राहीला आज विचारणार होतो. ओठ जड, अर्धी जीभ गायब, एक अक्षर बनेना. तिने मास्क खाली ओढला आणि परत सगळं सांगितलं, गोळ्या कशा घ्यायच्या, काय झालं तर कुणाला फोन करायचा. नाकावर तीच लाल खूण होती. मी ऐकत होतो. सांगून झाल्यावर म्हणाली, "आता म्हणून दाखव." मी म्हणून दाखवलं. त्यातलं तिला काय कळलं असेल देव जाणे. "शेवटचं राहिलं," ती म्हणाली. मी ते परत म्हटलं, श्वास लागला तर वाट बघायची नाही. मग तिने माझी डबी मागितली, खिशातली. मी दिली. तिने ती बेसिनमध्ये पालथी घातली.

मी बाहेर पडलो. वर दांडा एका स्क्रूवर लोंबत होता. दार आपलं उघडंच. म्हातारी आत खुर्चीकडे निघाली होती, वारा तिच्या पाठीला लागत होता. मी वळलो, दाराची मूठ धरली, आणि काच चौकटीला टेकेपर्यंत हात न सोडता दार लावून घेतलं.

रघू